समुद्री टाकी आणि घरचा इन्व्हर्टर

घरात ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, म्हणजे हौशी मंडळी जिला मरीन टँक किंवा रीफ टँक म्हणतात त्या टाकीत, वीज गेल्यावर सर्वांत आधी तुटवडा पडतो तो प्राणवायूचा. प्रकाशावाचून मृदू प्रवाळ काही दिवस तग धरतात आणि अन्नावाचून निरोगी मासे त्याहूनही अधिक काळ राहतात, पण प्राणवायूचा साठा, टाकीत जीव दाटीने असतील तर, काही तासांतच धोक्याच्या पातळीला येतो. 27 अंश सेल्सिअस तापमानाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे 8 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर समुद्राइतक्या खाऱ्या पाण्यात ही मर्यादा साडेसहाच्या आसपासच येते, आणि पाणी जसजसे तापते तसतशी ती आणखी खाली उतरते. या तुटपुंज्या साठ्यातूनच मासे, प्रवाळ आणि लाइव्ह रॉकमधले, म्हणजे सच्छिद्र खडकात वस्ती करून अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे, जीवाणू श्वास घेतात, आणि तो पुन्हा भरून निघण्याची मुख्य जागा म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग; पाणी हलत राहिले तरच खालचे पाणी वर येते आणि हवेशी त्याची देवघेव होते. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबलेले असल्यामुळे टाकीतील शैवाल आणि प्रवाळही प्राणवायू निर्माण करण्याऐवजी तो वापरतात, म्हणून रात्री गेलेली वीज दिवसा गेलेल्या विजेपेक्षा कितीतरी अधिक घातक ठरते.

भारतातील टाक्यांच्या संदर्भात एक खुलासा आवश्यक आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत 2001 साली दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश झालेला असल्यामुळे ते घरी बाळगण्याचा प्रश्न येत नाही. येथे विचार आहे तो मासे, लाइव्ह रॉक आणि त्या यादीबाहेरचे मृदू जीव असलेल्या टाकीचा.

मुंबई आणि तिच्या परिसरात वीज जात नाही, गेली तरी घटकाभरात येते, हा समज या हौशीच्या मुळावर येतो. 12 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी पारेषण यंत्रणेतील बिघाडामुळे मुंबईसह ठाणे आणि नवी मुंबईचा मोठा भाग एकाच वेळी अंधारात गेला, लोकल जागच्या जागी थांबल्या आणि काही उपनगरांत पुरवठा पूर्ववत व्हायला बराच उशीर लागला. त्याच वर्षी 3 जून रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले तेव्हा विजेचे खांब इतके मोडून पडले की अनेक गावांना आठवडेच्या आठवडे विजेवाचून काढावे लागले. अशा मोठ्या घटना वर्तमानपत्रांत येतात. टाक्या मात्र बहुधा मरतात त्या पहिल्या पावसात जमिनीखालच्या केबलमध्ये पाणी शिरून एखाद-दुसऱ्या इमारतसमूहाचाच पुरवठा रात्रभर बंद पडतो तेव्हा.

ठाणे जिल्ह्यातील एका गृहसंकुलात प्रस्तुत लेखकाच्या घरी असलेली सुमारे 300 लिटरची टाकी अशाच एका रात्री उद्ध्वस्त झाली, आणि त्या प्रकरणाचा तपशील येथे नोंदवण्याचे कारण असे की त्यातील प्रत्येक त्रुटी आधी विचारलेल्या आणि विक्रेत्याने निःशंकपणे उत्तर दिलेल्या प्रश्नाशी जोडलेली होती. इन्व्हर्टर घेण्याचा हेतू टाकी हाच होता. विक्रेत्याने स्वतःच्या हाताने कोटेशनच्या कागदावर ‘फिश टँक, पूर्ण रात्र’ असे लिहिले होते, जोडणीसाठी आलेला त्याचा कारागीर टाकीभोवती फिरून संप, म्हणजे खालच्या कपाटातील गाळणीची दुय्यम टाकी, पाहून गेला होता, आणि संपूर्ण घर चालेल असे आश्वासन घरातील सर्वांसमक्ष देण्यात आले होते.

त्या रात्री वीज गेली, इन्व्हर्टर तत्क्षणी सुरू झाला आणि पंखे फिरतच राहिले. पंखे फिरत राहिल्यामुळेच कोणालाही जाग आली नाही. पंखे थांबले असते तर जून महिन्यातल्या उकाड्यात घरातील माणसे पाच मिनिटांत उठून बसली असती आणि मासे वाचले असते. पहाटे लक्षात आली ती शांतता: टाकीच्या कपाटातून अखंड येणारी पाण्याची आणि पंपांची घरघर नव्हती, डोक्यावर पंखा नेहमीच्या वेगाने फिरत होता, आणि टॉर्चच्या उजेडात निळा टँग काचेला टेकून पाण्याच्या अगदी वरच्या थराशी तोंड उघडझाप करीत होता. घरात वीज आहे आणि टाकीत नाही, हे त्या क्षणी दिसले.

कारण साधे होते. भारतीय घरांत इन्व्हर्टरची जोडणी करताना सामान्यतः दिवे, पंखे आणि लहान पिनांचे 5 अँपिअरचे पॉइंट तेवढे त्याच्यावर घेतले जातात. गिझर, वातानुकूलक यांच्यासाठी असलेले 15 अँपिअरचे पॉवर पॉइंट मुद्दाम बाहेर ठेवले जातात. टाकीचा स्पाइक बस्टर, म्हणजे अनेक पिनांची संरक्षक पट्टी, चिलरमुळे, म्हणजे टाकीचे पाणी थंड ठेवणाऱ्या यंत्रामुळे, पॉवर पॉइंटवर होता, कारागिराने तो तेथे पाहिला होता, आणि तरीही ती वाहिनी इन्व्हर्टरवर घेतलेली नव्हती. एक्स्टेंशन ओढून पंप पंख्यांच्या वाहिनीवर जोडल्यावर दुसरी त्रुटी उघड झाली. सवलतीचा म्हणून दिलेला इन्व्हर्टर चौरस तरंगाचा होता. म्हणजे घरातील विजेचा दाब ज्या गुळगुळीत लयीत चढतो-उतरतो तशी वीज न देता तो धक्क्याधक्क्याने दिशा बदलणारी वीज देत होता, आणि टाकीतील पंपांच्या छोट्या मोटरी अशा विजेवर गुरगुरतात, तापतात व काही वेळा सुरूच होत नाहीत. रिटर्न पंप, म्हणजे संपमधले पाणी वर परत चढवणारा पंप, नुसता थरथरत राहिला. त्यानंतर जे काही झाले ते तांब्याने पाणी उपसून उंचावरून पुन्हा टाकीत ओतण्याचे काम होते, आणि ते दुपारी वीज येईपर्यंत घरातील सर्वांनी आळीपाळीने केले. टँग आणि फॉक्सफेस मेले. क्लाउनफिशची जोडी आणि बहुतेक मृदू प्रवाळ जगले. मोठा, सतत पोहणारा मासा आधी जातो आणि लहान, एका जागी राहणारा मासा टिकतो, हा नियम त्या सकाळी पुरेपूर खरा ठरला.

विक्रेत्याचे वर्तन यानंतर कसे बदलत गेले हेही सांगितले पाहिजे, कारण इतरांना हीच उत्तरे ऐकावी लागतील. पहिल्या फोनवर त्याचे म्हणणे होते, ‘साहेब, पंखे चालले ना? मग मशीन ओके आहे.’ कोटेशनचा कागद दाखवल्यावर पॉवर पॉइंट इन्व्हर्टरवर घ्यायचा नसतो असा नियम पुढे आला, जो विक्रीच्या वेळी कोणी सांगितला नव्हता. मग कारागीर आपला नसून बाहेरचा आहे असे कळले. आणि शेवटी मासे पावसाळ्यात मरतातच असे निदान ऐकवण्यात आले. भरपाई म्हणून बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड वॉटर एकदा फुकट देऊ केले गेले. बिलावर फक्त ‘इन्व्हर्टर, 1 नग’ एवढेच लिहिलेले असल्यामुळे तरंगाच्या प्रकाराबाबत तक्रार उभीच राहू शकली नाही. म्हणून ‘शुद्ध साइन वेव्ह’ हे शब्द, व्हीए क्षमता आणि कोणते पॉइंट जोडले जाणार हे बिलावरच लिहून घ्यावे, कोटेशनवर नव्हे; जो विक्रेता ते लिहून द्यायला कां-कूं करतो त्याच्याकडून काहीही घेऊ नये.

तथापि साइन वेव्हचा इन्व्हर्टरसुद्धा टाकीचा एकमेव आधार असू नये. 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तासांच्या लेड-ॲसिड बॅटरीत कागदावर 1800 वॉट-तास असतात, पण बॅटरीचे आयुष्य टिकवायचे तर त्यातील निम्मेच वापरावेत, आणि त्या निम्म्यात पंखे, वायफाय, दिवे आणि खुद्द इन्व्हर्टरची भूक हे सारे वाटेकरी असतात. इन्व्हर्टर कोणताही भार नसताना केवळ चालू राहण्यासाठी जी वीज खातो ती पुष्कळदा एका वेव्हमेकरच्या, म्हणजे पाण्यात लाटा निर्माण करणाऱ्या पंपाच्या, गरजेपेक्षा जास्त असते. याउलट 10 वॉटचा डीसी वेव्हमेकर इन्व्हर्टर मध्ये न आणता थेट 12 व्होल्टच्या 42 अँपिअर-तासांच्या बॅटरीवर चालवला, तर बॅटरी अर्धी रिकामी होईपर्यंत तो सुमारे 25 तास चालतो. बाजारातील बरेच वेव्हमेकर 24 व्होल्टचे असतात. त्यांतील काही 12 व्होल्टवर कमी वेगाने चालतात व काही चालतच नाहीत, म्हणून निर्मात्याचे पत्रक पाहूनच जोडणी करावी. मुख्य वीज जाताच बॅटरी आपोआप जोडली जावी यासाठी 230 व्होल्टचा एक रिले, म्हणजे विजेवर चालणारा आपोआप बदलणारा स्विच, पुरतो. तो मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत सहज मिळतो. बॅटरीच्या धन टोकाजवळ फ्यूज बसवल्याशिवाय ही जोडणी कधीही करू नये, आणि बॅटरी टाकीखालच्या कपाटात ठेवू नये, कारण तेथे मिठाचे बारीक तुषार टर्मिनल कुरतडतात आणि चार्जिंगच्या वेळी लेड-ॲसिड बॅटरीतून निघणारा हायड्रोजन कोंडतो. संगणकाचा यूपीएस या कामाचा नाही: त्यातील 7 अँपिअर-तासांची बॅटरी फार काळ पुरत नाही, आणि काही यूपीएस भार अगदी कमी असल्यास स्वतःहून बंद होतात.

दुसरी फळी म्हणून वीज गेल्यावर आपोआप सुरू होणारा बॅटरीवरचा एअर पंप आणि एअर स्टोन, म्हणजे हवेचे बारीक बुडबुडे करणारा सच्छिद्र खडा, जवळ असावा. किंमत अल्प आहे आणि तो घेण्यासाठी कोणाच्या आश्वासनावर विसंबावे लागत नाही.

चाचणी घ्यायची ती टाकीची पिन काढून नव्हे, तर मुख्य एमसीबी पाडून आणि पुरते काही तास तो तसाच ठेवून. पिन काढल्याने फक्त पंप थांबतो, इन्व्हर्टरकडे काय जोडलेले आहे ते कळत नाही. याच चाचणीत संप ओसंडतो का हेही दिसते, कारण रिटर्न पंप थांबताच वरच्या टाकीतले पाणी त्याच नळीतून उलटे खाली येते आणि नळीचे तोंड पाण्याखाली खोल असेल तर ते येतच राहते. पृष्ठभागाच्या किंचित खाली नळीला एक छोटे छिद्र पाडले की तेथून हवा शिरते आणि प्रवाह तुटतो. हे छिद्र शैवालाने किंवा गोगलगायीने बुजते, म्हणून ते नियमित साफ करावे लागते. मोबाइल चार्ज ठेवणे, शेजाऱ्यांना चावी देणे, वीज कंपनीचा तक्रार क्रमांक लिहून ठेवणे या गोष्टी सर्वांना माहीत असतातच. त्यापेक्षा उपयोगाची गोष्ट म्हणजे वीज गेल्यावर वाजणारा एक स्वस्त गजर टाकीच्याच स्पाइक बस्टरवर लावणे, कारण फिरणारे पंखे माणसाला झोपवून ठेवतात.

सोसायटीच्या जनरेटरवर बहुधा लिफ्ट, जिन्यातले दिवे आणि पाण्याचा पंप एवढेच असते. स्वतःचा पेट्रोलवरचा जनरेटर बंद गॅलरीत चालवणे हे कार्बन मोनॉक्साइडमुळे माणसांच्याच जिवावर बेतणारे आहे आणि कोणत्याही माशासाठी ते करू नये.

वीज नसताना टाकीचे झाकण काढावे, दिवे लावू नयेत, खाद्य मुळीच घालू नये. न खाल्लेले अन्न कुजताना उरलासुरला प्राणवायू खाते. चिलर बंद असल्याने पाणी तापू लागल्यास गोठवलेल्या पाण्याच्या बंद बाटल्या टाकीत तरंगवाव्यात, सुटा बर्फ घालू नये, कारण त्याने खारेपणा एकाएकी उतरतो. मेलेला जीव दिसताच बाहेर काढावा.

वीज परतल्यावर सर्व काही एकदम सुरू करू नये. आधी वेव्हमेकर, मग रिटर्न पंप, मग स्किमर, म्हणजे फेसाबरोबर घाण बाहेर काढणारे यंत्र, जे पुन्हा सुरू होताना बहुधा वाहते आणि म्हणून त्याचा पेला रिकामा करून ठेवावा लागतो. चिलर सर्वांत शेवटी, कारण त्याचा कॉम्प्रेसर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट वीज ओढतो. कॅनिस्टर फिल्टर, म्हणजे बंद डब्यातील गाळणी, काही तास थांबलेला असेल तर त्यातले पाणी प्राणवायूरहित व दुर्गंधीयुक्त झालेले असते. तो उघडून, आतले पाणी फेकून, माध्यमे खाऱ्या पाण्यात विसळूनच पुन्हा जोडावा. त्याच दिवशी आणि पुढचे काही दिवस अमोनिया तपासावा, आणि पाणी बदलण्यासाठी मीठ मिसळलेले तयार पाणी एका पिंपात कायम भरून ठेवलेले असावे, कारण ज्या दिवशी त्याची गरज पडते त्या दिवशी आरओचे पाणी गाळून मीठ विरघळवण्याइतका वेळ हाती नसतो.