डाव्या हाताचं काम

पोरी, रायफल हातात घेतलीस की जो तो तुला उजव्या हाताबद्दल सांगेल. ट्रिगरवर बोटाचं पहिलं पेर ठेव, झटका देऊ नको, श्वास अर्ध्यावर थांबव. त्यात खोटं काही नाही. पण आपल्या कोल्हापुरात रेंजवर अडून बसलेली जी पोरं मी पाहते, त्यातली निम्मी डाव्या हाताशी अडलेली असतात आणि ते त्यांच्या गावीही नसतं. म्हणून मी डाव्यापासून सुरुवात करते. डावखुरं कुणी असेल तर त्याने हेच उलटं करून घ्यावं.

पहिली गोष्ट, डाव्या हाताने रायफल धरायची नसते. तो हात रायफलीखाली फक्त उभा असतो. एनसीसीतून आलेल्या मुलांना हे पटायला फार वेळ लागतो. कॅम्पात .22 ची लाकडी रायफल मिळते, उस्ताद 'पकड मजबूत' म्हणून ओरडतो, आणि पोरगं नखं पांढरी होईस्तोवर पुढचं लाकूड आवळतं. दोन-चार गोळ्यांपुरतं ते चालून जातं. इथे थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे गुडघ्यावर, लेटून आणि उभ्याने मिळून, दीड तासात 60 गोळ्या मारायच्या असतात. आवळलेला स्नायू थकतो, थकला की थरथरतो. हाड थकत नाही. आणि .22 ला धक्का तो केवढा? तिला आवळून धरायचं काही कारणच नाही.

थरथर किती महाग पडते तो हिशेब एकदा मांडून बघ. एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, आणि तो दहा मीटरवर. खांदा जागेवर राहिला आणि नळीचं टोक एक मिलिमीटर हललं, तर टार्गेटवर ते साधारण नऊ मिलिमीटर होतं. एक मिलिमीटर डोळ्याला दिसतही नाही, पण तेवढ्यात तुझा दहा सातच्या घरात जातो.

आता प्रोन, म्हणजे लेटून मारायची पोझिशन. आपल्या तेजस्विनी सावंतने 2010 मध्ये म्युनिकला जगज्जेतेपद मिळवलं ते 50 मीटर प्रोनमध्येच, 600 पैकी 597. यात स्लिंग असते, म्हणजे दंडाला बांधून पुढे रायफलीला अडकवायचा पट्टा. वजन तो पट्टा घेतो, हात नाही. रायफल तळव्याच्या मनगटाकडच्या भागावर येऊ दे, बोटं सैल सोड, अंगठा आणि तर्जनीमधली बेचकी हँडस्टॉपला टेकव. हँडस्टॉप म्हणजे पुढच्या लाकडाखालच्या रेलवर सरकणारा तो अडसर. तो पुढे नेलास की कोपर पसरतो आणि तू खाली जातेस. मागे आणलास की वर उठतेस. कुठवर खाली जायचं त्याला नियम आहे: हाताचा पुढचा भाग जमिनीशी 30 अंशांहून कमी कोनात येता कामा नये. ज्युरी येऊन मोजते. खाली गेलं की रायफल जास्त स्थिर वाटते, म्हणून पोरं हळूहळू खाली घसरतात आणि स्पर्धेत टोकलं की मग रडकुंडीला येतात. तू सरावातच दोन अंश वर राहायची सवय लाव.

स्लिंग दंडाच्या बरोबर मध्यावर बांधू नको, तिथे नाडी लागते. साइटमधून बघताना टार्गेट ठेक्यात उडताना दिसलं, धक-धक-धक, तर ते तुझं काळीज आहे, भीती नव्हे. पट्टा वर खांद्याकडे घे, जॅकेटच्या हुकात नीट अडकव, आणि एक-दोन भोकं सैल करून बघ. हाताला मुंग्या आल्या तर रायफल ठेवून ऊठ. मुंग्या सहन करणं ही बहादुरी आहे असं कुणी म्हणालं तर त्याचं ऐकू नको. आणि पावसाळ्यात चामड्याचा पट्टा ओलाव्याने ताणतो. जूनमधलं भोक ऑगस्टमध्ये तेच राहील असं धरून चालू नको.

एक परीक्षा सांगते. रिकाम्या रायफलीवर, चेंबर डोळ्यांनी बघून, मगच. पोझिशन घे आणि उजवा हात अलगद काढून घे. रायफल होती तिथेच राहिली तर डावी बाजू बरोबर बसली. नाक खाली गेलं किंवा एका अंगाला कललं, तर इतका वेळ ती तू उजव्या हाताने सावरत होतीस. मग ट्रिगर ओढताना ओळ हलते यात नवल काय!

नीलिंगमध्ये, म्हणजे गुडघ्यावर बसून मारताना, सगळा खेळ कोपर आणि गुडघ्याचा. कोपराचं टोक गुडघ्याच्या वाटीवर ठेवलंस तर गोल हाडावर गोल हाड, ते घसरणारच. टोकाच्या जरा वरचा, दंडाकडचा सपाट भाग वाटीच्या पुढे टेकव, किंवा कोपर वाटीच्या मागे मांडीवर आण. नियमाने कोपर गुडघ्याच्या टोकापुढे 100 मिलिमीटर आणि मागे 150 मिलिमीटर जाऊ शकतो, म्हणजे जागा भरपूर आहे. नडगी उभी ठेव. हँडस्टॉप प्रोनपेक्षा बराचसा मागे येईल, ते बरोबरच आहे. प्रोनच्याच खुणेवर नीलिंग मारायला जाणारी पोरं मला दर मोसमात भेटतात.

आणि उभी पोझिशन. इथे स्लिंग नाही, जमीन नाही, डावा हात एकटा. माणसाचं शरीर कसं आहे ते इथेच कळतं. स्वप्नील कुसाळे, आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये फायनलला नीलिंग आणि प्रोन संपले तेव्हा पाचवा होता. ब्रॉंझपर्यंत तो चढला तो उभ्यात, 451.4 वर.

कमरेवर घागर घेऊन निघालेली बाई कधी नीट बघ. कंबर एका बाजूला काढलेली, अंग दुसरीकडे झुकलेलं, आणि भार सगळा हाडावर. उभ्यात तेच करायचं. डावी कंबर टार्गेटच्या दिशेने काढायची, पाठ थोडी मागे आणि उजवीकडे कलवायची, आणि डावा कोपर कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर ठेवायचा. बायकांना हे हाड पटकन सापडतं. पुष्कळ पुरुषांचा कोपर तिथवर पोचत नाही, ते बरगडीच्या बाजूला टेकवतात. तेही चालतं, फक्त कोपर हवेत नको. कोपर रायफलीच्या बरोबर खाली, तिथून मनगटापर्यंत हात सरळ उभा.

आता पंजाचं काय करायचं? इथे लोक वर्षानुवर्षं वाद घालतात. मूठ वळून बोटांच्या पेरांवर रायफल ठेवता येते, ती सगळ्यात कणखर. अंगठा एका बाजूला आणि बोटं दुसऱ्या बाजूला करून मधल्या बेचकीत ठेवता येते, तिने उंची मिळते, पण मनगट मागे मोडण्याची भीती. नुसता सपाट तळवाही चालतो, फार लांब हात असलेल्यांना तो सोयीचा. यातलं चांगलं कुठलं हा प्रश्नच चुकीचा आहे. कोपर कमरेवर ठेव, मान ताठ ठेव, डोळे मिटून उघड. साइट डोळ्यासमोर आली पाहिजे. साइट खाली राहिली तर मान वाकवू नको, पंजाची रचना बदलून रायफल वर आण. मान वाकवून मिळवलेले दहा चाळिसाव्या गोळीला परत द्यावे लागतात.

पंजाने उंची पुरत नसेल तरच पुढचं सामान. 50 मीटरला पाम रेस्ट लावता येतो, म्हणजे रायफलीखाली दांडीवर बसवलेला आधार, वर-खाली होणारा. एअर रायफलला पाम रेस्ट चालत नाही. तिथे पुढच्या लाकडाची खोली वाढवणारा ठोकळा नियमात बसेल एवढाच. गोल गोळ्याचा पाम रेस्ट तळव्यात फिरतो, म्हणून मला सपाट पट्टीचा आवडतो. पण माझ्या आवडीवर जाऊ नको, दोन्ही मागून घेऊन मारून बघ. नवा विकत घेण्याआधी आपल्या रायफलीखालच्या रेलची खाच मोज. बहुतेक सामान अन्शुट्झच्या मापाच्या रेलला बसतं, पण सगळं नाही.

मोबाइलवर तू दाखवलास तो व्हिडिओ, ज्यात सैनिकाच्या बंदुकीला पुढे उभी मूठ लावली होती, ती आपल्या कामाची नाही. बर्स्ट मारताना नाक वर उचलतं, ते खाली खेचायला आणि झपाट्याने लक्ष्य बदलायला ती असते. तिथे हात जाणूनबुजून ओढतो. आपला हात ओढायला लागला की गोळी डावी-उजवी सांडते. तो खेळ वेगळा, हा वेगळा.

पाय आणि हात यांची भानगडही लक्षात ठेव. डोळे मिटून दोन श्वास घेऊन उघडलेस आणि रायफल टार्गेटच्या डावीकडे बघत असली, तर डाव्या हाताने ढकलून आणू नको. पाय हलव. प्रोनमध्ये सगळं अंग कोपराभोवती फिरव. उंची चुकली तर प्रोनमध्ये हँडस्टॉप, उभ्यात पाम रेस्ट. डाव्या हाताला ढकलायचं काम दिलंस की ट्रिगर सुटायच्या क्षणी तो परत आपल्या जागी जातो.

ग्लोव्हबद्दल एवढंच की जाडी 12 मिलिमीटरच्या आत आणि मनगटाच्या हाडापुढे 50 मिलिमीटरहून जास्त नको. जुना ग्लोव्ह दबून पातळ झाला की प्रोनची उंची गुपचूप खाली येते.

उद्या येताना अ‍ॅलन की, चंदेरी मार्कर आणि वही घेऊन ये. रेलवर तिन्ही पोझिशनच्या तीन खुणा करू, स्लिंगचं भोक आणि पाम रेस्टची उंची वहीत लिहू. त्यानंतर महिनाभर एका वेळी एकच गोष्ट हलवायची, आणि कुठली हलवली ते त्याच दिवशी लिहायचं. स्क्रू घट्ट झालाय की नाही ते मात्र प्रत्येक मॅचच्या आदल्या रात्री बघ, सकाळी रेंजवर हात घामेजलेले असतात.