बटाटा गेला, गावे उठली



आपल्या अंकात लागण, खते, पाणी यांचे पाठ नेहमी असतात. आजचा पाठ लांबच्या मुलखाचा आहे, पण विषय शेतकऱ्याचाच आहे. सवडीने वाचावा आणि घरात वाचूनही दाखवावा.

इंग्लंडच्या पश्चिमेला आयर्लंड नावाचे बेट आहे. १८४१ च्या खानेसुमारीत तिथे ८१ लाख ७५ हजार माणसे होती. १८५१ मध्ये मोजली तेव्हा साडेपासष्ट लाखच भरली. दहा लाखांच्या आसपास माणसे भुकेने आणि तापाने मेली, दहा लाखांहून जास्त देश सोडून गेली. आज पावणेदोनशे वर्षे होत आली, तरी त्या बेटाची लोकसंख्या १८४१ इतकी झालेली नाही. लढाई झाली नव्हती की भूकंप झाला नव्हता. बटाट्यावर करपा पडला होता.

आता तुम्ही म्हणाल, करपा काय, दर साली कुठे ना कुठे पडतोच. मग एका रोगाने सारा देश कसा उठला? तेच आज पाहायचे आहे.

१. जमीन एकाची, कष्ट दुसऱ्याचे

आयर्लंड त्या वेळी इंग्रजांच्या राज्यात होते. जमीन थोड्या बड्या जमीनदारांची. त्यांतले पुष्कळ जण तर इंग्लंडमध्येच राहत. मध्ये मक्तेदार, त्याच्या खाली पोटमक्तेदार आणि सगळ्यांच्या खाली कूळ. कुळाला हक्काचा कागद बहुधा नसेच. वाटण्या होता होता जमिनीचे तुकडे पडले. ज्याला तेही नव्हते, तो एका हंगामापुरता तुकडा खंडाने घेई आणि तो खंड मजुरी करून फेडी.

आता व्यवहार बघा. कूळ ओट किंवा जव पिकवी, एखादे डुक्कर पाळी. हे सगळे विकून खंड भरायचा. घरात खायला राहायचा तो फक्त बटाटा. एक एकर बटाटा पाच-सहा माणसांचे घर वर्षातले बहुतेक महिने पोसत असे. राबणारा गडी दिवसाला पाच-सहा किलो बटाटे खाई, जोडीला ताक. सुमारे तीस लाख लोक जवळजवळ केवळ बटाट्यावर जगत होते.

त्यातही गरिबाच्या रानात बहुतेक एकच जात होती. तिचे नाव लंपर. चवीला बेताची, पण हलक्या रानातही भरपूर उतार देणारी. बटाटा बियाण्यापासून करत नाहीत, डोळा असलेली फोड लावतात. आपण उसाची कांडी लावतो तसेच. म्हणजे सगळ्या रानातले रोप एकाच रक्ताचे. रोग एकाला लागला की सगळ्यांना लागणार. आणखी एक अडचण होती. आपल्याकडे जुन्या काळी पेवात ज्वारी दोन-दोन वर्षे राहायची. बटाटा वर्षभरसुद्धा टिकत नाही. मागच्या सालची शिल्लक हा प्रकारच नव्हता.

२. करपा आला

हा रोग अमेरिका खंडातून आला. १८४५ च्या उन्हाळ्यात बेल्जियममध्ये दिसला आणि सप्टेंबरात आयर्लंडमध्ये पोचला. हवा दमट आणि थंड असली की ही बुरशी झपाट्याने पसरते. पाने काळी पडतात, रानात घाण वास सुटतो आणि खालचा बटाटा सडतो. आपल्याकडे बटाटा लावणारे ज्याला उशिराचा करपा म्हणतात, तोच हा.

पहिल्या साली तिसरा हिस्सा ते निम्मे पीक गेले. लोकांनी कसेबसे निभावले. जनावर विकले, कर्ज काढले. १८४६ ला तीन चतुर्थांशाहून अधिक पीक गेले. १८४७ ला रोग कमी होता, पण बेणेच खाऊन संपले होते, त्यामुळे पेरा फार थोडा झाला. १८४८ ला रोग पुन्हा जोरात आला. एक साल बुडाले तर शेतकरी तग धरतो. ओळीने साले बुडाली की त्याच्या हाती काही उरत नाही.

रोग बुरशीचा आहे असे बर्कली नावाच्या इंग्रज पाद्र्याने १८४६ मध्येच मांडले होते. बहुतेकांना ते पटले नाही. मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण फ्रान्समध्ये सापडले ते १८८५ मध्ये. म्हणजे औषध चाळीस वर्षे उशिरा आले.

३. सरकारने काय केले?

पहिल्या साली पंतप्रधान पील यांनी अमेरिकेतून एक लाख पौंडांचा मका आणवला. लोकांना तो दळायची, शिजवायची सवय नव्हती. १९७२ च्या दुष्काळात आपल्याकडे मिलो आला तेव्हाची तक्रार जुन्या मंडळींना आठवत असेल. पण त्या मक्याने जीव वाचले.

१८४६ मध्ये सरकार बदलले. बाजारात हात घालायचा नाही, हे नव्या सरकारचे धोरण. तिजोरीच्या किल्ल्या ट्रेव्हेल्यन या अधिकाऱ्याकडे होत्या. हे गृहस्थ पूर्वी कंपनी सरकारच्या नोकरीत आपल्या देशात होते, पुढे मद्रासचे गव्हर्नरही झाले. १८४६ च्या शरदात बटाटा सडला होता, बाहेरचे धान्य पुरेसे आले नव्हते आणि आयर्लंडचा ओट मात्र बंदरातून बाहेर जात होता. पुढच्या साली बाहेरून धान्य बरेच आले. तोवर वेळ गेली होती.

खडी फोडण्याची, रस्त्याची कामे निघाली. मार्च १८४७ मध्ये सात लाखांवर माणसे कामावर होती. मजुरी थोडी, तीही उशिरा, आणि धान्याचा भाव रोज वर. मग कामे बंद करून शिजवलेले अन्न वाटायला घेतले. जुलै १८४७ मध्ये रोज तीस लाख लोक त्यावर जगत होते. म्हणजे मनात आणले तर देश पोसता येत होता. पण थोड्याच महिन्यांत तेही बंद केले आणि भार स्थानिक करांवर टाकला.

नव्या कायद्यात एक कलम होते. पाव एकर म्हणजे दहा गुंठे. दहा गुंठ्यांहून जास्त जमीन कसणाऱ्याने ती सोडल्याशिवाय त्याला मदत मिळायची नाही. आज पोरांच्या पोटात घास घालायचा की उद्याची जमीन राखायची, असा पेच. शिवाय अगदी लहान कुळांचा गरीब-कर जमीनदाराच्या माथी होता. तेव्हा कूळ काढून टाकणे त्याला फायद्याचे झाले. १८४९ ते १८५४ या काळात सुमारे अडीच लाख माणसे घराबाहेर काढली गेली. कूळ परत येऊ नये म्हणून घराचे छप्परही पाडत.

मदत मात्र लांबून आली. कलकत्त्यातील आयरिश सैनिक, अधिकारी आणि काही हिंदी लोक यांनी १८४६ मध्ये सुमारे १४ हजार पौंड पाठवले. अमेरिकेतील चोक्टॉ आदिवासींना काही वर्षांपूर्वीच त्यांच्या जमिनीवरून हुसकावले होते. त्यांनी १८४७ मध्ये १७० डॉलर जमवून दिले. आयर्लंडने ते आजवर विसरलेले नाही.

४. कोण गेले आणि कसे गेले?

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. जे अगदी कंगाल होते ते गेले नाहीत, ते जागेवरच मेले. जहाजाच्या भाड्याइतके ज्याच्याकडे होते, तो गेला. शेवटची गाय विकून, थकलेला खंड न भरता, रातोरात गेला. १८४७ या एका वर्षात तीन लाखांच्या आसपास आयरिश माणसे लिव्हरपूलला उतरली. काही तिथल्या गिरण्यांत राहिली, बाकीची अमेरिकेच्या जहाजात बसली.

कॅनडाचे भाडे कमी होते. तिकडून लाकूड आणणारी जहाजे परत रिकामी जायची, त्यात माणसे भरत. सहा-सात आठवड्यांचा प्रवास, पाणी अपुरे आणि उवांमुळे पसरणारा टायफस ताप. त्या साली कॅनडाकडे निघालेल्या सुमारे एक लाख लोकांपैकी दर सहांत एक वाटेत किंवा पोचल्यावर लवकरच मेला. क्वेबेकजवळच्या ग्रोस बेटावर पाच हजारांवर माणसे पुरली आहेत.

स्ट्रोक्सटाउनचा जमीनदार मेजर महॉन याच्या कारभाऱ्यांनी हिशेब केला. कुळांना अनाथालयात पोसण्यापेक्षा त्यांचे जहाजभाडे भरणे स्वस्त पडते. १,४९० माणसे दीडशे किलोमीटरहून अधिक पायी चालवून डब्लिनला नेली. ‘व्हर्जिनियस’ या जहाजावर ४७६ प्रवासी होते, त्यांतले १५८ वाटेतच गेले. त्याच नोव्हेंबरात महॉनला कोणीतरी गोळी घालून ठार केले.

५. पत्र आणि तिकीट

जे वाचले ते कालवे खणू लागले, लोहमार्ग टाकू लागले. पोरी घरकामाला राहिल्या. १८५० मध्ये न्यू यॉर्क शहरातला दर चौथा माणूस आयर्लंडमध्ये जन्मलेला होता. तिकडून गावाकडे पत्र यायचे, पत्रात पैसे किंवा पुढच्या भावंडाचे तिकीट. दुष्काळ सरला तरी जाणे थांबले नाही. जमिनीचे आणखी तुकडे नकोत म्हणून जमीन एका मुलाला, हुंडा एका मुलीला आणि बाकीच्यांना जहाज, अशी रीतच पडली. निघणाऱ्याच्या आदल्या रात्री गाव जमायचे आणि मेलेल्या माणसापाशी जागावे तसे रात्रभर जागायचे. जाणारा पुन्हा दिसायचा नाही, हे सगळ्यांना ठाऊक असे.

१८५० मध्ये मेयो परगण्यात घरातून काढलेल्या एका कुटुंबात मायकेल डेव्हिट नावाचा चार वर्षांचा मुलगा होता. घर इंग्लंडला गेले. अकराव्या वर्षी कापडगिरणीत त्याचा उजवा हात गेला. याच डेव्हिटने १८७९ मध्ये इतरांबरोबर कुळांची लँड लीग उभारली. तिच्या लढ्यात बॉयकॉट नावाच्या कारभाऱ्यावर गावाने बहिष्कार टाकला आणि त्याचे नावच त्या शस्त्राला पडले. १९०३ च्या कायद्यानंतर कुळे मोठ्या संख्येने जमिनीची मालक झाली. प्लंकेट यांच्या प्रयत्नाने १८८९ पासून गावोगावी सहकारी दूध-लोणी संस्था निघाल्या. तरीही परदेशी जाण्याचा ओघ पुढे कित्येक पिढ्या वाहत राहिला. एकदा उठलेले गाव बसवणे किती अवघड, ते यावरून कळावे.

६. आपण काय घ्यायचे?

पीक बुरशीने नेले, पण माणसे देशोधडीला लावली ती जमिनीच्या आणि मदतीच्या व्यवस्थेने. एका जातीवर सगळे रान लावू नये आणि बेणे निरोगी मळ्यातले घ्यावे, हा धडा तर आहेच. कारण काणी असो की लाल कूज, ती कांडीतूनच पुढच्या लागणीत येते. पण दुसरा धडा मोठा आहे. हाताशी जमिनीचा हक्क, दुसरे पीक, चार पैशांची शिल्लक आणि पाठीशी संस्था असेल, तर बुडालेले साल निघून जाते. यांतले काहीच नसेल, तर माणूस जगायला बाहेर पडतो.

अशी माणसे पाहायला आयर्लंडपर्यंत जायला नको. दर हंगामात कोरडवाहू भागातून उचल घेऊन टोळ्या आपल्या फडात येतात, कोप्या घालतात, पोरांच्या शाळा बुडतात. त्यांचेही कुठेतरी साल बुडालेले असते. आपल्या उसाची पहिली मोळी त्यांच्याच डोक्यावरून गाडीत चढते, एवढे आपण विसरू नये.

गटसभेत चर्चेसाठी

१. माझ्या रानात उसाच्या जाती किती आणि बेणे कुठले?
२. ओळीने दोन साले बुडाली, तर माझे घर कशावर चालेल?
३. आपल्या फडातल्या टोळीच्या पाण्याची, औषधाची आणि पोरांच्या शाळेची सोय आपल्या गटात कोण पाहते?