संशोधनात जायचंय? आधी गाइड पाहा

नीटमध्ये अपेक्षेएवढे मार्क पडले नाहीत, आणि मुलगी म्हणते, "मी मायक्रोबायॉलॉजी घेते, मला रिसर्च करायचाय." घरात लगेच दोन प्रश्न निघतात. किती वर्षं? आणि पगार किती? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरं आडपडदा न ठेवता सुरुवातीलाच द्यावीत, कारण ती तिशीत कळली तर फार त्रास होतो.

हिशेब असा आहे. बीएस्सी आणि एमएस्सी मिळून पाच वर्षं, किंवा पुण्याच्या आयसरसारख्या संस्थेत सलग पाच वर्षांचा बीएस-एमएस. म्हणजे तेविसावं वर्ष. पीएचडीला नियमाप्रमाणे किमान तीन वर्षं लागतात, पण प्रयोगशाळेतल्या विषयात पाच धरून चाला, जीवशास्त्रात सहाही होतात. त्यापुढे पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं ठरावीक मुदतीचं संशोधन, तो बहुधा परदेशात, तीन ते पाच वर्षं. आयसर-आयआयटीत सहायक प्राध्यापक म्हणून रुजू होताना माणूस साधारण तेहेतीस-चौतीस वर्षांचा असतो. तिथे या पदाचं मूळ वेतन १,०१,५०० रुपयांपासून सुरू होतं. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या सीएसआयआरच्या संस्थांत सायंटिस्टचं ६७,७०० पासून, आणि विद्यापीठात किंवा अनुदानित कॉलेजात सहायक प्राध्यापकाचं ५७,७०० पासून. भत्ते वेगळे.

चौतीसपर्यंत पोरगी कमावणारच नाही, असा याचा अर्थ नाही. सीएसआयआर-यूजीसी नेट या परीक्षेतून जेआरएफ ही फेलोशिप मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात, घरभाडं वेगळं. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्याही फेलोशिप आहेत. महाराष्ट्रात बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्था आपापल्या सामाजिक गटांतल्या संशोधक विद्यार्थ्यांना फेलोशिप देतात. ही रक्कम कधी कधी काही महिने थकते. तेवढ्या काळात खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे घरून पाठवता येतील, एवढी तजवीज पालकांनी ठेवावी. पण फेलोशिप नसताना, घरच्या पैशांवर, रसायनशास्त्रात किंवा जीवशास्त्रात पूर्णवेळ पीएचडीला बसू नये, असं माझं ठाम मत आहे. त्यापेक्षा एक वर्ष प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून काम करावं आणि नेटला पुन्हा बसावं.

आता मुख्य गोष्ट. पालक संस्थेचं नाव विचारतात, आणि विद्यार्थीही नावाच्याच मागे असतात. पीएचडी चांगली होणार की वाईट, हे मात्र संस्थेपेक्षा गाइडवर जास्त ठरतं. कमला सोहोनींचंच उदाहरण घ्या, तेव्हाच्या कमला भागवत. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बीएस्सी घेऊन त्या बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गेल्या. केवळ बाई म्हणून संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी त्यांना प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत, तेव्हा वर्षभराच्या परिवीक्षेसारख्या अटी घालून घेतलं. त्याच संस्थेत श्रीनिवासय्या हे मार्गदर्शक त्यांना मिळाले. त्यांनी दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांवर काम करवून घेतलं, कष्ट घेऊन शिकवलं. तिथून कमलाबाई केंब्रिजला गेल्या. वनस्पतींच्या पेशींतल्या सायटोक्रोम सी या प्रथिनावर त्यांनी चाळीस पानांचा प्रबंध लिहिला आणि पीएचडी मिळवली. दार लावणारा आणि हात धरून शिकवणारा, दोघंही एकाच आवारात होते.

म्हणून गाइडची चौकशी करा, स्थळाची करतो तशी, अगदी आतून. त्यासाठी ओळखी लागत नाहीत. शोधगंगा या संकेतस्थळावर भारतीय विद्यापीठांचे प्रबंध फुकट वाचायला मिळतात. ज्यांच्याकडे जायचं मनात आहे त्यांचं नाव टाकून त्यांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध काढा. नोंदणी कधी झाली आणि पदवी कधी मिळाली, हे बऱ्याच ठिकाणी नोंदलेलं असतं. चार विद्यार्थ्यांपैकी तिघांना सात-सात वर्षं लागली असतील तर तुमच्या मुलीलाही लागतील असं धरून चाला. मग गूगल स्कॉलरवर त्याच गाइडचे शोधनिबंध पाहा. पहिलं नाव कोणाचं आहे? दरवेळी त्याच एका लाडक्या विद्यार्थ्याचं, की वेगवेगळ्या मुलांचं? प्रबंधाच्या सुरुवातीचं ऋणनिर्देशाचं पानही वाचावं. लॅबमधल्या सीनियरने रात्री थांबून मशीन चालवायला शिकवलं, असं कुणी लिहिलेलं असेल तर त्या लॅबमध्ये एकमेकांना शिकवण्याची रीत आहे, एवढं कळतं.

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाला एका वेळी जास्तीत जास्त आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार पीएचडीचे विद्यार्थी घेता येतात. गर्दीच्या लॅबमध्ये गाइड आठवड्यातून एकदा तरी भेटतात का, हे आताच्या विद्यार्थ्यांना विचारा, आणि गाइड समोर नसताना विचारा. आणखी एक प्रश्न विचाराच. गेल्या पाच वर्षांत बाहेर पडलेली मुलं आज कुठे आहेत? चांगला गाइड याचं उत्तर नावानिशी आणि कौतुकाने देतो.

बायॉलॉजी आणि केमिस्ट्री यांना एकाच मापाने मोजू नका. दोन्हीकडचं रोजचं काम निराळं आणि बाजारही निराळा. सिंथेटिक केमिस्ट्रीचा विद्यार्थी सकाळी रिअ‍ॅक्शन लावतो आणि दर तासाला टीएलसी प्लेट यूव्ही दिव्याखाली धरून नवा स्पॉट आला का ते पाहतो. संध्याकाळी वर्कअप, मग कॉलम. त्या काचेच्या नळीतून थेंब थेंब उतरणारं द्रावण शे-दीडशे टेस्ट ट्यूबमध्ये गोळा करायचं, आणि त्यातल्या नेमक्या कुठल्या वीस ट्यूबमध्ये आपलं संयुग आहे ते शोधायचं. फसलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. निदान काय फसलं ते लवकर कळतं. जीवशास्त्रात तेवढी सोय नसते. पेशींचं कल्चर वाढवणारी मुलगी दिवाळीच्या पाडव्यालाही लॅबमध्ये जाते, कारण माध्यम बदललं नाही तर पेशी मरतात. फ्लास्कमध्ये बुरशी शिरली तर महिन्याचं काम जातं. उंदरांवर किंवा रोपांवर प्रयोग असेल तर पिढी तयार व्हायची वाट पाहावी लागते. मुलगी सणाला घरी आली नाही म्हणून रुसण्याआधी पालकांनी हे समजून घ्यावं, ही माझी कळकळीची विनंती.

बाजाराचं म्हणाल तर रसायनशास्त्राचा पीएचडी औषध कंपन्यांत, रंग-रसायनांच्या उद्योगात, पॉलिमरमध्ये जाऊ शकतो. मुंबई, ठाणे, रायगड, पुणे, शेजारी गुजरात आणि हैदराबाद इथे हे कारखाने आणि त्यांची आर अँड डी केंद्रं आहेत. माटुंग्याची आयसीटी, म्हणजे १९३३ मध्ये सुरू झालेलं यूडीसीटी, उद्योगाशी असलेल्या याच नात्यावर मोठं झालं. जीवशास्त्रात लसी, निदान चाचण्या आणि बायोफार्माच्या कंपन्या आहेत, पण जागा कमी आणि उमेदवार पुष्कळ. त्यामुळे बायॉलॉजीकडे निघालेल्या मुलांनी संख्याशास्त्र आणि थोडं प्रोग्रॅमिंग एमएस्सीतच शिकून घ्यावं. जीनोमचा डेटा हाताळता येणाऱ्या जीवशास्त्रज्ञाला लॅबमध्ये आणि लॅबबाहेर, दोन्हीकडे विचारणा असते.

कॉलेजच्या प्राध्यापकीबद्दल सांगताना मला वाईट वाटतं, पण सांगायला हवं. २०२३ मध्ये यूजीसीने सहायक प्राध्यापकाच्या भरतीसाठी नेट, सेट किंवा स्लेट ही किमान अट ठेवली, पीएचडी ऐच्छिक केली. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. सेट निघाली की घरचे पेढे वाटतात. पण सेटला फेलोशिप नाही, आणि पात्र झालं म्हणजे जागा मिळाली असं नाही. अनुदानित जागांची भरती वर्षानुवर्षं रखडते आणि नेट-सेट, पीएचडी झालेली माणसं सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवत राहतात. घेतलेल्या तासांचेच पैसे, सुट्टीत काही नाही, पुढच्या जूनची खात्री नाही. शिकवण्याची खरी ओढ असेल तर दोन वर्षं सीएचबी करून पाहावी. तोवर रेग्युलर जागेची जाहिरात निघाली नाही तर उद्योगात किंवा दुसऱ्या राज्यात अर्ज करायला लाजू नये, आणि घरच्यांनीही "एवढं शिकून?" असं म्हणू नये.

दुसरा रस्ता आधीच माहीत असलेला बरा. पेटंट कार्यालयात परीक्षक, न्यायवैद्यक प्रयोगशाळा, अन्न व औषध प्रशासन, विज्ञान लेखन, पेटंट माहितीचं विश्लेषण, ही सगळी या शिक्षणातूनच निघणारी कामं आहेत. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाअखेर मुलाशी एकदा निवांत बसून बोला. काम पुढे सरकतंय का, गाइड भेटतात का, झोप लागते का? तिन्हींना उत्तर "नाही" असेल तर गाइड बदलण्याचा किंवा बाहेर पडण्याचा विचार त्याच वेळी करा, पाचव्या वर्षी नको.

मुलींच्या बाबतीत लग्नाचा विषय निघतोच. यूजीसीच्या नियमांत पीएचडी करणाऱ्या स्त्रियांना दोन वर्षं मुदतवाढ आणि प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे. नियम कागदावरच राहू नये म्हणून प्रवेशाच्या वेळीच त्या लॅबमधल्या विवाहित विद्यार्थिनींशी बोलून घ्या. ठरवायला बसाल तेव्हा "पीएचडी की लग्न" असा प्रश्न तिच्यापुढे टाकू नका. होणाऱ्या जावयाला पोस्टडॉकसाठी तिच्याबरोबर तीन वर्षं गाव बदलणं जमेल का, हा प्रश्न विचारा. मुलाच्या बाबतीत आपण तो होणाऱ्या सुनेला बिनदिक्कत विचारतोच.

हे सगळं ठरवायला बारावीनंतरचा महिना पुरत नाही आणि तेव्हा ठरवायची गरजही नाही. आयसरसाठी आयएटी, नायसर आणि मुंबई विद्यापीठाच्या आवारातल्या सीईबीएससाठी नेस्ट, या परीक्षा द्याव्यात. नाही जमलं तर चांगल्या प्रयोगशाळा असलेलं बीएस्सीचं कॉलेज घ्यावं. विज्ञान अकादमी उन्हाळ्यात संशोधकांच्या हाताखाली काम करण्यासाठी फेलोशिप देतात. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी एनआययूएस हा उपक्रम आहे. तेही नाही मिळालं तर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत किंवा गोव्यात दोनापावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेत एखाद्या शास्त्रज्ञाला स्वतः ईमेल लिहावी. तीन ओळी पुरतात. तुमचा कुठला निबंध वाचला, त्यात काय कळलं नाही, आणि मी मे महिन्यात येऊ शकते. दहा जणांना लिहिलं तर एखाद-दुसरं उत्तर येतं. त्या दोन महिन्यांत तोच प्रयोग चौथ्यांदा फसल्यावर पाचव्यांदा लावायला तिचे हात आपणहून पुढे होतात की नाही, हे तिला स्वतःलाच दिसेल, आणि पीएचडीचा अर्ज भरायचा की नाही हे तिने तेव्हा ठरवावं.