उन्हाळ्याच्या सुट्टीत हातांची भाषा शिकू या

प्रार्थना, हजेरी, बचत, कर्जफेड झाली की बैठकीत हा पाठ एकीने मोठ्याने वाचावा. ज्या ताईंच्या घरी ऐकू न येणारं लेकरू आहे, त्यांना आज नक्की बोलावून आणा. त्या बैठकीला कमी येतात, हे आपल्याला माहीत आहे.

आपल्या अमरावती-अकोल्याकडची बरीच कर्णबधीर मुलं निवासी शाळेत असतात. मे महिना लागला की ती घरी येतात आणि विदर्भातल्या शाळा उघडेपर्यंत, म्हणजे जूनच्या शेवटापर्यंत घरीच राहतात. शाळेत ती मित्रांशी दिवसभर हातांनी बोलतात, भांडतात, चिडवतात. घरी आल्यावर मात्र "जेव", "झोप", "ये" एवढे तीन-चार इशारे सोडले तर त्यांच्याशी बोलणारं कोणी नसतं. लग्नाघरी सगळे हसतात तेव्हा ते लेकरू सगळ्यांच्या तोंडाकडे पाहते आणि उगाच हसते. का हसलो, हे त्याला कोणी सांगत नाही. "त्याले काय समजते बाई, तो त बहिरा हाय," असं आपणच म्हणतो.

समजायला त्याला अडचण नाही. सांगणारं माणूस नाही, ही अडचण आहे. दहापैकी नऊ कर्णबधीर मुलं ऐकू येणाऱ्या आई-बापांच्या पोटी जन्मतात. म्हणजे आईची भाषा कानाची आणि लेकराची डोळ्यांची. दोघांपैकी एकाला दुसऱ्याची भाषा शिकावीच लागते. आजवर ते ओझं आपण लेकरावर टाकलं: ओठ पाहून समज, आवाज काढ, बोल. यंत्र लावून काही मुलं बोलतातही, चांगलीच गोष्ट आहे. पण ज्यांना ते जमत नाही, ती भाषेवाचून राहून जातात. पहिल्या पाच वर्षांत डोक्यात भाषा रुजली नाही, मग ती तोंडाची असो की हाताची, तर पुढे वाचणं, हिशेब, मनातलं सांगणं सगळंच जड जातं. पोरीच्या बाबतीत तर आणखी मोठी गोष्ट आहे. कोणी अंगाला हात लावला, तर ती घरी सांगेल कशी? तिचे इशारे तुम्हाला कळले पाहिजेत ना.

परदेशात यावर एक रीत आहे, ती आज समजून घेऊ. ख्रिस्ती मंडळींनी तिथे उन्हाळ्यात कर्णबधीर लोकांसाठी शिबिरं सुरू केली आणि काही शिबिरांत पूर्ण कुटुंबच बोलावतात. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या डोंगराळ भागात, ओल्ड फोर्ज या गावी 'कॅम्प मार्क सेव्हन' नावाचं शिबिर आहे. ते काढणारे फादर थॉमस कॉफलिन स्वतः कर्णबधीर. १९७७ मध्ये त्यांना पाद्री म्हणून दीक्षा मिळाली, तेव्हा त्या खंडात असा दुसरा कर्णबधीर कॅथलिक पाद्री नव्हता. बायबलमधल्या मार्कच्या पुस्तकातल्या सातव्या अध्यायावरून हे नाव पडलं. त्यात येशूकडे एका बहिऱ्या माणसाला आणतात. येशू त्याला गर्दीतून बाजूला नेतो, त्याच्या कानांना, जिभेला हात लावतो आणि मग बोलतो. पुढे तो बरा झाला असं कथा सांगते. ती श्रद्धेची गोष्ट, ज्याची त्याने मानावी. मला त्यात बाजूला नेणं आणि आधी हाताने सांगणं हे जास्त मोलाचं वाटतं.

अशा शिबिरात सकाळी आई-बाप आणि भावंडं खुणांची भाषा शिकतात. जेवताना, खेळताना तीच वापरायची. शिकवणारे बरेचदा स्वतः कर्णबधीर असतात. आईला तिथे पहिल्यांदा दिसतं की ऐकू न येणारा माणूस गाडी चालवतो, नोकरी करतो, संसार करतो, विनोद सांगतो. आपल्या लेकराचं पुढे काय, या काळजीने जिचा जीव टांगलेला असतो, तिला दहा भाषणांपेक्षा हे पाहणं उपयोगी पडतं. कॅम्प मार्क सेव्हनमध्ये उलट्या बाजूच्या मुलांचंही शिबिर होतं: आई-बाप कर्णबधीर, पण मुलांना ऐकू येतं. लहानपणापासून घरचं सगळं बोलणं त्या पोरांनाच करावं लागतं, दवाखान्यात, बँकेत. त्यांचंही कोणी ऐकलं पाहिजे.

एखादी ताई विचारेल, "हे धर्माचं काम, आपण काहून जावं?" प्रश्न बरोबर आहे. कोणत्याही धर्माच्या संस्थेच्या शिबिराला लेकरू पाठवायचं असेल, तर आधी स्पष्ट विचारा: प्रार्थना असते का, बसायलाच लागतं का, आईला सोबत राहता येतं का, मुलींच्या झोपण्याची सोय वेगळी आहे का, रात्री तिथे बाई माणूस असते का. उत्तर पटलं तर जा, नाही तर नका जाऊ. मात्र एवढंही लक्षात असू द्या की मुंबईत कर्णबधिरांची पहिली शाळा १८८० च्या दशकात बिशप लिओ म्युरिन यांनी काढली. गंमत म्हणा की दुःख, त्याच दशकाच्या सुरुवातीला, १८८० मध्ये, इटलीत मिलानला शिक्षकांची परिषद भरली आणि शाळेत खुणा नकोत, तोंडानेच शिकवा असं ठरलं. त्यामुळे जगभर कित्येक पिढ्यांना खुणा केल्या म्हणून हातावर छड्या बसल्या.

आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण पाहायचं तर परतवाड्याजवळ वझ्झरला जा. शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या मतिमंद, मूकबधीर, अंध मुलांना तिथे आपलं नाव दिलं, वाढवलं, कित्येकांची लग्नं लावली. १८ वर्षं झाली म्हणून अशा मुलांना बालगृहाबाहेर काढू नये, असा कायदा व्हावा ही त्यांची जुनी मागणी आहे. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आता आपलं काम. ग्रामसंघाने दोन दिवसांचं छोटं शिबिर घ्यायला काय लागतं? समाजमंदिर किंवा शाळेची खोली, पंखा, पाणी, खिचडी. उन्हाचे दिवस, म्हणून सकाळी ७ ते ११. शिकवायला जवळच्या मूकबधीर शाळेतले शिक्षक, आणि एक तरी मोठा कर्णबधीर माणूस पाहिजेच. तो तुमच्याच तालुक्यात शिवणकाम नाही तर गॅरेजचं काम करत असेल, शोधा. त्याला फुकट बोलावू नका, मानधन द्या. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. ग्रामसेवकाला ठराव दाखवून त्यातून काही मिळतं का विचारा. बरेच ठिकाणी कोणी मागत नाही म्हणून तो पैसा तसाच राहतो.

शिकायची ती भारतीय सांकेतिक भाषा. दिल्लीत २०१५ मध्ये यासाठी सरकारी केंद्र निघालं, आणि त्यांच्या शब्दकोशात २०२१ पर्यंत १०,००० शब्द झाले. त्याचे व्हिडिओ मोबाईलवर फुकट दिसतात. या भाषेचं स्वतःचं व्याकरण आहे. प्रश्नाचा शब्द शेवटी येतो: "तू जाणे कुठे?" आणि चेहराही बोलतो, भुवया नुसत्या शोभेच्या नाहीत. घरी तयार झालेल्या जुन्या खुणा मोडू नका. वावराची, म्हशीची, आजीची तुमची खूण असेल तर तीही राहू द्या, नवी सोबत शिकवा.

तोवर आजपासून घरी एवढं करा. हाक मारायची तर समोरून हात हलवा किंवा खांद्याला हात लावा, मागून ओढू नका. उजेड तुमच्या तोंडावर पडेल असं बसा. पदर तोंडावर धरून बोलू नका. दिवे गेले की लेकराचं बोलणंच बंद होतं, म्हणून त्याच्याजवळ टॉर्च ठेवा.

कागदपत्रांचंही लगेच सांगते. लहान बाळ आवाजाला वळून पाहत नसेल तर "बोलेल उशिरा, त्याचा बापही उशिरा बोलला" म्हणून थांबू नका. अंगणवाडीत येणाऱ्या डॉक्टर पथकाला दाखवा आणि बेरा तपासणी करून मागा. दिव्यांग प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्डासाठी अमरावतीला इर्विन, अकोल्याला सर्वोपचार. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व निघालं तर एसटीत ७५ टक्के सवलत मिळते.

बैठकीतला खेळ: कर्णबधीर लोक एकमेकांना खुणेचं नाव ठेवतात, गालावरचा तीळ, कुरळे केस, हसण्याची लकब पाहून. आज गटातल्या प्रत्येकीला असं नाव ठेवा. नाव ठेवायचा मान त्या लेकराला द्या, आणि तोवर कोणीही तोंडाने बोलायचं नाही. कोणाकोणाच्या घरी असं लेकरू आहे, त्याची यादी सचिव ताईंनी पुढच्या प्रभागसंघाच्या बैठकीत आणावी.