वादळ गेल्यावर



आपल्या वऱ्हाडात समुद्र नाही. अकोल्याहून मुंबईचा समुद्र पाहायला जायचे तर आगगाडीत रात्र काढावी लागते. त्यामुळे चक्रीवादळाचा धडा आला की मुलांना वाटते, हा आपला धडा नाही. पण वारा आपल्याकडेही येतो. आपण त्याला वावधन म्हणतो. म्हणून मी या लेखात तीन ठिकाणची माहिती जमवली आहे. पहिले मॉरिशस बेट, दुसरे कोकणातले श्रीवर्धन आणि तिसरा आपला अकोला जिल्हा. वादळ कसे येते ते थोडक्यात सांगतो. वादळ गेल्यावर माणसांनी काय केले, ते जास्त सांगतो.

चक्रीवादळ म्हणजे काय?

समुद्राचे पाणी सुमारे २६-२७ अंश सेल्सिअसच्या वर तापले की त्याची पुष्कळ वाफ होते. ती गरम, ओली हवा वर जाते. खाली हवेचा दाब कमी होतो. मग चारी बाजूंची हवा तिकडे धाव घेते. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे ही हवा सरळ न येता गोल फिरू लागते. आपल्या उत्तर गोलार्धात ती घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरते. दक्षिण गोलार्धात काट्यांप्रमाणे फिरते.

वादळाच्या मधोमध शांत जागा असते. तिला वादळाचा डोळा म्हणतात. डोळा डोक्यावर आला की वारा थांबतो. लोकांना वाटते, सुटलो बुवा! पण थोड्या वेळाने वारा पुन्हा येतो, आणि तो उलट्या बाजूने येतो. म्हणून तेव्हा घराबाहेर पडू नये.

वादळ जमिनीवर आले की त्याला समुद्राची वाफ मिळत नाही. त्याचा जोर ओसरतो. आपले वावधन वेगळे असते. ते उन्हाळ्यात तापलेल्या जमिनीवरच्या ढगांतून उठते. ते थोडाच वेळ टिकते, पण टिन उडवायला तेवढा वेळ पुरतो.

मॉरिशसमधले मराठी लोक

मॉरिशस हा देश हिंदी महासागरात, आफ्रिकेच्या पूर्वेला आहे. गुरुजींनी तो नकाशावर दाखवला तेव्हा तो मोहरीएवढा दिसला. मुख्य बेट सुमारे १८६५ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे आपल्या अकोला जिल्ह्याच्या निम्मेही नाही. १८३४ पासून इंग्रजांच्या राज्यात भारतातले पुष्कळ मजूर तेथे उसाच्या शेतावर कामाला नेले. त्यांत मराठी माणसेही होती. ती मुख्यतः कोकण आणि साताऱ्याकडची होती. त्यांचे वंशज आजही तेथे आहेत. तेथल्या प्राथमिक शाळांत मराठी शिकवतात. गणेश चतुर्थीला तेथे सरकारी सुट्टी असते. हे वाचून मला फार आनंद झाला.

१९६० च्या जानेवारीत तेथे अॅलिक्स नावाचे चक्रीवादळ आले. लोक सावरतात न सावरतात तोच २७ व २८ फेब्रुवारीला कॅरोल आले. वाऱ्याचे झोत ताशी २५६ किलोमीटरपर्यंत गेले. ४२ माणसे मेली. तेव्हा गरिबांची घरे गवताच्या व उसाच्या पाल्याच्या छपरांची, लाकडाची आणि टिनाची होती. हजारो घरे पडली. हजारो लोक उघड्यावर आले.

उसाचेही फार नुकसान झाले. त्या वर्षी साखर आदल्या वर्षीच्या निम्म्याहून कमी झाली. पण पुढच्याच वर्षी साखर पुन्हा पाच लाख टनांच्या वर गेली! हे कसे झाले? ऊस हे गवताच्या जातीचे पीक आहे. वरून मोडला तरी खाली बुडखा जिवंत असतो. त्यातून खोडवा फुटतो. आपल्याकडे कपाशीची फरदड फुटते, तसेच हे.

घराला मात्र फरदड फुटत नाही. ते माणसालाच बांधावे लागते. मॉरिशसच्या लोकांनी पुन्हा तेच पाल्याचे घर बांधले नाही. सरकारने घरबांधणीसाठी एक संस्था काढली आणि सिमेंट-काँक्रीटच्या घरांच्या वसाहती बांधल्या. पुढे लोकही आपापल्या पैशाने, एकेक खोली करत, स्लॅबची घरे बांधू लागले. वादळाची सूचना चार पायऱ्यांनी देण्याची पद्धत तेथे आहे. पायरी वाढली की काय करायचे, हे तेथल्या लहान मुलांनाही ठाऊक असते.

याचा उपयोग झाला का? १९७५ च्या फेब्रुवारीत जर्वेझ नावाचे वादळ आले. त्याचे झोत कॅरोलपेक्षाही जोराचे, ताशी २८० किलोमीटरपर्यंत होते. तरी मृत्यू दहाच्या आसपास झाले. एकही व्हायला नको होता, पण ४२ पेक्षा ते पुष्कळ कमी आहेत.

पण काँक्रीट म्हणजे सगळे झाले असे नाही. १५ जानेवारी २०२४ रोजी बेलाल वादळाच्या पावसाने तेथल्या राजधानीत, पोर्ट लुईसमध्ये, रस्त्यांच्या नद्या झाल्या आणि मोटारी वाहून गेल्या. काँक्रीट वाऱ्याला अडवते. पाण्याला मात्र मुरायला माती आणि वाहायला मोकळा नाला लागतो.

श्रीवर्धनच्या वाड्या

३ जून २०२० रोजी निसर्ग नावाचे चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले. हे नाव बांगलादेशाने सुचवले होते. वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड आणि रत्नागिरी जिल्ह्यातले दापोली, मंडणगड या भागांत घरांचे पत्रे व कौले उडाली. विजेचे खांब आडवे झाले. कित्येक गावे बरेच दिवस अंधारात होती.

सगळ्यांत मोठे दुःख वाड्यांचे झाले. श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध आहे. सुपारी आणि नारळ यांचा वाढीचा कोंब शेंड्याला एकच असतो. शेंडा मोडला की झाड गेले. खोडवा नाही, फरदड नाही. नवे रोप लावले तर सुपारी लागायला पाच-सात वर्षे जातात. माझ्याएवढ्या मुलाने तेव्हा रोप लावले असेल, तर सुपारी लागेपर्यंत तो हायस्कूल संपवेल.

मग तोवर खायचे काय? यावर उपाय म्हणजे एकाच झाडावर घर चालवू नये. नारळ-सुपारीच्या वाडीत केळी, मिरी, जायफळ, दालचिनी अशी झाडेही लावावीत, असे कोकणातले कृषितज्ज्ञ सांगतात. केळी वर्ष-सव्वा वर्षात पैसे देते. आपले शेतकरी सोयाबीन किंवा कपाशीत तुरीचे तास घेतात. एक पीक गेले तर दुसरे हाताशी राहते. विचार तोच आहे.

आपला अकोला जिल्हा

९ एप्रिल २०२३ रोजी बाळापूर तालुक्यातल्या पारस गावी रात्री जोराचे वावधन आले. पावसामुळे लोक मंदिराजवळच्या टिनाच्या शेडखाली थांबले होते. कडुलिंबाचे मोठे झाड त्या शेडवर पडले. सात माणसे गेली. पारसला समुद्र नाही. म्हणून मी म्हणतो, हा धडा आपलाही आहे.

आमचे घर टिनाचे आहे. मागच्या वैशाखात आमची तीन टिने उडाली. एक टिन नाल्यापलीकडे सापडले. सोयाबीनचे बियाणे भिजले. टिनावर दगड ठेवले होते. त्यातला एक दगड माझ्या लहान बहिणीच्या पाळण्याजवळ पडला. ती तेव्हा आईजवळ होती म्हणून वाचली.

आबाजी म्हणाले, "बापू, वारा टिनाले वरून नाही दाबत. तो खालून घुसते अन् वर उचलते."

माझे मामा अकोल्याला जठारपेठेत राहतात आणि हार्डवेअरच्या दुकानात कामाला आहेत. त्यांनी टिन बसवायचे वाकडे हूक, नट आणि वायसर आणून दाखवले. हूक खालच्या लोखंडी पाइपाला धरतो. वायसरमुळे भोक फाटत नाही. मी विचारले, "मामा, स्लॅबच टाकला तर?" तेव्हा आई म्हणाली, "स्लॅब होईल तवा होईल. आज तर लेकरं टिनाखालीच झोपतात ना!"

मग बाबांनी आणि मामांनी सगळी टिने हूक लावून बसवली. दगड खाली काढले. या वर्षीही वावधन आले. टिने वाजली, पण उडाली नाहीत.

आपण काय करावे?

१) टिनावर दगड ठेवू नये. हूक व वायसर लावून घट्ट बसवावे. कडेला व कोपऱ्यांना हूक जवळजवळ लावावेत, कारण वारा तिथूनच सुरुवात करतो.
२) टिन भिंतीबाहेर फार लांब काढू नये.
३) वावधनात जुन्या झाडाखाली किंवा झाडाजवळच्या शेडमध्ये थांबू नये. वाळलेल्या फांद्या उन्हाळ्याआधीच छाटाव्या.
४) बियाणे, रेशनकार्ड, सातबारा आणि शाळेचा दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून पेटीत ठेवावे.
५) घराजवळचा नाला मृगाआधी साफ करावा.
६) ज्याचे घर उडाले त्याला आधी आसरा द्यावा, मग पंचनाम्याला मदत करावी.

पालकांना माझी विनंती आहे. घरी गेल्यावर आज एकदा छपराकडे वर पाहा. दगड दिसला तर रोहिणी लागायच्या आत तो खाली उतरवा आणि त्या जागी हूक लावा. हुकाला टिनापेक्षा कमी पैसे लागतात.

सांगा पाहू!

१) ऊस लवकर सावरला, सुपारी का सावरली नाही?
२) वादळाच्या डोळ्यात बाहेर का जाऊ नये?
३) तुमच्या घराच्या टिनाला हूक किती आहेत? (याचे उत्तर वहीत नाही, छपरावर आहे.)

— इयत्ता ४ थी