नेत्रिकेचे अंतरंग

दुर्बिणीच्या खोक्यावर शनीच्या कड्यांचे सुंदर रंगीत चित्र छापलेले असते. मोठ्या हौसेने ती दुर्बीण घरी आणावी, रात्री गच्चीवर उभी करावी आणि गुरू ग्रहाच्या जागी दुधी धुक्यात तरंगणारा एक पिवळसर ठिपका दिसावा, असा अनुभव अनेकांना येतो. चार-दोन रात्री प्रयत्न होतात आणि मग दुर्बीण माळ्यावर जाते. दोष कधी दुर्बिणीला दिला जातो, कधी स्वतःच्या डोळ्यांना. वास्तविक स्वस्त दुर्बिणीचे पुढचे मोठे भिंग पुष्कळदा बरे असते. खोट असते ती डोळ्याशी येणाऱ्या, अंगठ्याएवढ्या नळीत. या नळीला नेत्रिका म्हणतात. ती घरच्या घरी उघडून, समजून घेऊन आणि थोडी सुधारून पुन्हा कशी जोडावी, हे या पाठात पाहावयाचे आहे.

नेत्रिका काय करते?

दुर्बिणीच्या पुढच्या भिंगाला वस्तुभिंग म्हणतात. ते दूरच्या वस्तूची लहानशी प्रतिमा नळीच्या मागच्या टोकाजवळ तयार करते. पोस्टाचे तिकीट आपण हातभिंगातून पाहतो, तशी ही प्रतिमा नेत्रिकेतून पाहावयाची असते. वस्तुभिंगाच्या नाभीय अंतराला नेत्रिकेच्या नाभीय अंतराने भागले की वस्तू किती पट मोठी दिसेल ते कळते. बाजारात ६० मिलिमीटर व्यासाची आणि ७०० मिलिमीटर नाभीय अंतराची दुर्बीण सर्रास मिळते. तिला २० मिलिमीटरची नेत्रिका लावली तर वस्तू ३५ पट मोठी दिसते; ४ मिलिमीटरची लावली तर १७५ पट.

खोक्यावरचा १७५ हा आकडा पाहूनच गिऱ्हाईक भुलते. पण वस्तुभिंगाच्या व्यासाचे जितके मिलिमीटर, त्याच्या साधारण दुपटीहून अधिक वर्धन उपयोगाचे नसते. म्हणजे ६० मिलिमीटरच्या दुर्बिणीला १२० पट पुरे. त्यापुढे प्रतिमा फुगते, पण तपशील वाढत नाही. म्हणून ४ मिलिमीटरची नेत्रिका कितीही सुधारली तरी या दुर्बिणीवर ती समाधान देणार नाही. आपले लक्ष २० मिलिमीटरच्या नेत्रिकेवर असावे.

या नेत्रिकेवर पुष्कळदा ‘एच’ हे इंग्रजी अक्षर कोरलेले असते. ते हायगेन्स या नावाचे आद्याक्षर होय. क्रिस्तियान हायगेन्स हा सतराव्या शतकातील डच शास्त्रज्ञ. आपल्या भावाच्या मदतीने तो स्वतः भिंगे घासत असे. १६५५ साली त्याने शनीचा टायटन हा उपग्रह शोधला, तो सुमारे ५० पट वर्धन देणाऱ्या दुर्बिणीने. त्या वेळी त्याच्या नेत्रिकेत एकच भिंग होते. दोन साधी भिंगे योग्य अंतरावर ठेवली तर एकाचा रंगदोष दुसरे बरेचसे सावरते, ही युक्ती त्याला पुढे १६६० नंतरच्या काळात सापडली. साडेतीन शतके उलटून गेल्यावरही स्वस्त नेत्रिका त्याच आराखड्यावर बनतात, कारण तिच्यात महागडी जोडभिंगे लागत नाहीत. आराखडा जुना आहे म्हणून टाकाऊ नाही. व्यासाच्या मानाने नाभीय अंतर दहा-बारा पट असलेल्या लांबट दुर्बिणीवर तो आजही चांगले काम देतो.

उघडण्यापूर्वी

आधी परीक्षा घ्यावी. दिवसा दुर्बीण मोकळ्या आकाशाकडे, पण सूर्यापासून पूर्णपणे दूर, अशी वळवावी. नेत्रिकेपासून डोळा वीतभर मागे न्यावा. नेत्रिकेच्या मधोमध एक लहानसा तेजस्वी वर्तुळाकार ठिपका दिसेल. वस्तुभिंगातून आलेला सगळा उपयुक्त प्रकाश त्याच ठिपक्यातून बाहेर पडतो. आपल्या उदाहरणात त्याचा व्यास ६० भागिले ३५, म्हणजे सुमारे १.७ मिलिमीटर येईल. या ठिपक्याभोवती सारे काळे दिसावयास हवे. त्याऐवजी चकाकणारी कडी, करड्या रेषा, आट्यांची चमक असे काही दिसले, तर ते दुधी धुके कोठून येते याचा उलगडा झालाच म्हणून समजा. काचेची कड, नळीची आतली भिंत आणि भिंग धरून ठेवणारी प्लॅस्टिकची चकचकीत कडी यांवर आपटलेला भटका प्रकाश डोळ्यात शिरतो आणि काळे आकाश करडे करून टाकतो. अंधुक तारे त्यात बुडून जातात.

आणखी एक गोष्ट येथेच सांगणे अगत्याचे आहे. काही दुर्बिणींसोबत नेत्रिकेला लावण्यासाठी गडद काचेची एक छोटी चकती येते आणि तिच्यावर ‘सूर्य’ या अर्थाचा इंग्रजी शब्द असतो. ती चकती कधीही वापरू नये. वस्तुभिंगाने एकवटलेली सूर्याची उष्णता तिच्यावर पडते, काच तडकते आणि त्याच क्षणी डोळा कायमचा जाऊ शकतो. ती कोणाच्या हाती लागणार नाही अशा रीतीने टाकून द्यावी.

उघडताना

टेबलावर ताट ठेवून त्यात पांढरा मऊ टॉवेल पसरावा. भिंग निसटले तरी ते घरंगळून जमिनीवर जाणार नाही. हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. जवळ कागद आणि पेन्सिल असावी. माझ्या मते या कामातले सर्वांत महत्त्वाचे हत्यार तेच. जो भाग निघेल त्याचे चित्र त्याच क्षणी काढावे आणि त्याची कोणती बाजू डोळ्याकडे होती ते बाणाने दाखवावे. ‘लक्षात राहील’ असे म्हणून पुढे जाऊ नये. ते राहत नाही.

बहुतेक नेत्रिकांचा धातूचा खालचा भाग आट्यांवर फिरून सुटतो. तो घट्ट असेल तर पकड वापरू नये. दोन्ही भागांवर रुंद रबर बँड गुंडाळून हाताने पिळावे. भिंगावरची कडी आट्यांची असेल आणि तिला दोन खाचा असतील, तर त्या खाचांत कंपासपेटीतील विभाजकाची टोके धरून ती सावकाश फिरवावी. टोक घसरले तर काचेवर कायमचा ओरखडा पडतो, म्हणून काचेवर आधी जाड कागदाची चकती ठेवावी. जी नेत्रिका चिकटवून बंद केली आहे, ती उघडण्याच्या फंदात पडू नये. महागड्या नेत्रिकेच्या वाटेला तर जाऊच नये, कारण तिच्यातील चार-सहा भिंगांची जुळणी घरी पुन्हा साधत नाही.

हायगेन्सच्या नेत्रिकेत दोन भिंगे निघतील. दोन्हींची एक बाजू सपाट आणि एक फुगीर असते. सपाट बाजू कोणती हे बोटाने चाचपू नये. भिंगाच्या पृष्ठभागावर ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पाहावे. सपाट बाजूवर ते आरशातल्यासारखे सरळ आणि मूळ आकाराचे दिसते, तर फुगीर बाजूवर आक्रसून बारीक होते. हायगेन्सच्या रचनेत दोन्ही सपाट बाजू डोळ्याकडे असतात. ‘एसआर’ अशी अक्षरे असलेली नेत्रिका रॅम्सडेनच्या रचनेची. तिच्यात दोन्ही फुगीर बाजू एकमेकींकडे तोंड करून असतात. स्वस्त मालात जुळणी करणाऱ्याच्या घाईमुळे एखादे भिंग उलटे बसलेले असू शकते. तसे आढळले तर ते सुलटे करणे हीच सर्वांत मोठी सुधारणा ठरेल.

थोडे गणितही करून पाहण्याजोगे आहे. लांबच्या झाडाची प्रतिमा भिंगाने कागदावर पाडली की भिंग आणि कागद यांतले अंतर हे त्याचे नाभीय अंतर होय. समजा, खालच्या भिंगाचे ते ३० मिलिमीटर आणि डोळ्याजवळच्या भिंगाचे १५ मिलिमीटर आले. हायगेन्सच्या नियमाप्रमाणे दोन भिंगांतील अंतर या दोहोंच्या बेरजेच्या निम्मे, म्हणजे २२.५ मिलिमीटर असावे. आता दोन नाभीय अंतरांचा गुणाकार ४५०. त्याला बेरजेतून मधले अंतर वजा करून, म्हणजे ४५ वजा २२.५ ने भागले की उत्तर २० येते. नेत्रिकेवर कोरलेला आकडा हाच! कारखान्याने कोरलेल्या आकड्याची अशी स्वतः शहानिशा करण्यात एक वेगळाच आनंद आहे.

काळे करणे

भिंगाची गोल कड घासलेल्या काचेची, पांढुरकी असते. ती न पुसल्या जाणाऱ्या काळ्या मार्कर पेनाने रंगवावी. भिंग मऊ कागदात दोन बोटांनी धरावे आणि पेन स्थिर ठेवून भिंग फिरवावे. शाई चकचकीत पृष्ठभागावर ओघळू देऊ नये. नळीची आतली भिंत आणि कड्या यांसाठी शाळेच्या फळ्याचा काळा रंग उत्तम, कारण त्याला चकाकी नसते आणि तो रंगाच्या दुकानात सहज मिळतो. बारीक कुंचल्याने पातळ थर द्यावा. जेथे भिंग टेकते ती जागा कोरी ठेवावी, नाहीतर भिंग तिरके बसेल. मग धीर धरावा. रंग पूर्ण वाळण्यास दोन दिवस द्यावेत. ओल्या रंगाची वाफ बंद नळीत भिंगावर साय धरते.

दोन भिंगांच्या मध्ये भोक असलेली एक चकती असते. दृश्याचे गोल वर्तुळ तिच्यामुळेच आखले जाते. आपल्या उदाहरणात ती डोळ्याजवळच्या भिंगापासून सुमारे १५ मिलिमीटरवर हवी. ती पुढे-मागे सरकली असेल तर वर्तुळाची कड फिसकटलेली दिसते, आणि भोकाला प्लॅस्टिकचे तूस राहिले असेल तर दृश्याच्या कडेला केस लोंबताना दिसतो. तूस काढावे. चकतीच बिघडली असेल तर काळ्या कार्डशीटची नवी कापावी.

भिंगांवरची धूळ प्रथम रबरी फुग्याने उडवावी. मग गरज असेल तरच शुद्ध केलेल्या पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून, ओल्या कापसाने न दाबता पुसावे. दोन काचा चिकटवलेले जोडभिंग असेल तर ते पाण्यात बुडवू नये. पुन्हा जोडताना कडी घट्ट आवळू नये. भिंगाचा खडखडाट थांबला की पुरे. आवळलेली काच ताणाखाली येते आणि ताऱ्याचा ठिपका वेडावाकडा होतो.

काय साधले, काय नाही

वीतभर अंतराची ती परीक्षा पुन्हा घ्यावी. रात्री चंद्राच्या कडेबाहेरचे आकाश पूर्वीपेक्षा काळे दिसेल आणि गुरूच्या अगदी निकट असलेला उपग्रह वेगळा उठून दिसेल. दृश्याचे वर्तुळ मात्र पूर्वीइतकेच अरुंद राहील. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परततो; चार पृष्ठभागांवर मिळून जवळजवळ १५ टक्के जातो. हा तोटा मार्कर पेनाने भरून निघत नाही. आखूड दुर्बिणीवर कडेच्या ताऱ्यांना येणारी रंगीत शेपटीही जात नाही. तेथे नवी, लेप दिलेली नेत्रिका घेणेच श्रेयस्कर. घेताना नळीचा व्यास २४.५ मिलिमीटर आहे की ३१.७, हे आधी मोजावे.

राहिली ती ४ मिलिमीटरची नेत्रिका. तिची भिंगे तुरीच्या डाळीएवढी असतात. पहिल्याच दिवशी तिला हात घालू नये. २० मिलिमीटरच्या नेत्रिकेवर हात बसला की मग तीही उघडून पाहावी आणि रॅम्सडेनची रचना स्वतःच्या डोळ्यांनी पडताळावी.

स्वाध्याय

१. ६० मिलिमीटर व्यासाच्या दुर्बिणीला १७५ पट वर्धन का उपयोगाचे नाही?
२. भटका प्रकाश नेत्रिकेत कोठकोठून येतो, ते पाठाच्या आधारे लिहा.
३. दोन भिंगांची नाभीय अंतरे ३६ व १८ मिलिमीटर आहेत. हायगेन्सच्या नियमाप्रमाणे त्यांतील अंतर आणि नेत्रिकेचे नाभीय अंतर काढा.
४. तुमच्या घरातील हातभिंगाचे किंवा जुन्या चष्म्याच्या बहिर्वक्र भिंगाचे नाभीय अंतर मोजा व कृती आठ-दहा ओळींत लिहा.