९८ नंबरचं भोक

आमच्या इमारतीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये, पंपाच्या खोलीला खेटून, बाबांची चेतक उभी असते. १९९६ची, एमएच-०४. बजाजने चेतक १९७२मध्ये आणली, पुढे बंद केली आणि २०२०मध्ये त्याच नावाची विजेवर चालणारी गाडी काढली. तिच्यात जेट, म्हणजे कार्बोरेटरमधला पेट्रोल मोजून सोडणारा भोकाचा पितळी तुकडा, ही वस्तूच नाही. आमच्या चेतकमध्ये आहेत आणि त्यांच्यापायी मी गायमुखच्या घाटात आणि उत्तनच्या रस्त्यावर गाडी भरपूर ढकललीय. बहुतेक वेळा चूक माझीच होती.

१. आधी कचरा शोधा.

गाडी पहिल्यांदा गायमुखच्या चढावर मेली, तेव्हा मी दुकानातून तीन वेगवेगळ्या नंबरांचे मेन जेट घेऊन आलो. तिन्ही घालून पाहिले, फरक शून्य. शेवटी भाईंदर पूर्वेला फाटकाजवळ एक म्हातारे मिस्त्री आहेत, त्यांच्याकडे नेली. त्यांनी जेटकडे बघितलंही नाही. पेट्रोलची नळी कार्बोरेटरला जिथे जोडलेली असते तिथला बोल्ट खोलला आणि आतली इवलीशी जाळी तळहातावर उपडी केली. टाकीतला गंज पडला, चहाच्या चोथ्यासारखा. म्हणाले, "भाऊ, ताटात वाढायलाच कोणी नाही आणि तुम्ही ताट मोठं करत बसलात."

तेव्हापासून माझी परीक्षा ठरलेली आहे. पूर्ण रेसवर गाडी मिनिटभर छान पळते, मग दम सोडते, बाजूला अर्धा मिनिट उभी केली की पुन्हा काही झालंच नाही अशी निघते? मग कार्बोरेटरच्या फ्लोटच्या वाटीत पेट्रोल वेळेवर पोचत नाहीये. जाळी बघा, पेट्रोलचा कॉक बघा, टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक बुजलंय का बघा. जेट लहान असेल तर गाडी पहिल्या क्षणापासून कुरकुरते, विश्रांती दिल्याने तिची समजूत पटत नाही.

२. कुठला जेट कुठे, हे आधी डोक्यात बसवा.

इंजिनाच्या बाजूचं पॅनल काढायचं, कार्बोरेटरच्या पत्र्याच्या डब्याचं झाकण काढायचं, एअर फिल्टरचे दोन स्क्रू सोडवायचे. खाली दोन पितळी माथी दिसतात, मधोमध खाच असलेली. जाड तो मेन, बारका तो पायलट. कार्बोरेटर बाहेर काढावा लागत नाही, एवढी माणुसकी या गाडीत आहे. उभी गाडी आणि पाव रेस हे पायलटचं राज्य, पाऊण रेसच्या पुढे मेनचं, मधे दोघांची भागीदारी. इतर बऱ्याच कार्बोरेटरांत मधल्या चालीसाठी सुई असते. या घडणीत ती नाही.

मेन म्हणजे खरं तर तीन मजली प्रकरण. माथ्यावर हवेचा जेट, मधे आडवी भोकं पाडलेली नळी, बुडाशी पेट्रोलचा जेट. उचलून हातात घेतलं की पिपाणीसारखं दिसतं. मजले नुसते दाबून बसवलेले असतात, ओढले की सुटतात. मी एकदा बुडाचा सोडून माथ्यावरचा मोठ्या नंबरचा घातला. वरचा मोठा म्हणजे हवा जास्त, मिश्रण आणखी पातळ. औषध पोटात घ्यायचं ते कपाळाला चोळल्यासारखं झालं.

३. तार नको.

जेट बुजला की ब्रेकच्या केबलचा एक धागा सोडवून भोकात खुपसायची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. धागा पोलादाचा, जेट पितळेचा. दहा वेळा खुपसलं की भोक अंडाकृती होतं आणि अंगावर ९८ कोरलेला जेट ९८चा राहत नाही. आमचा ट्यूबलाइटसमोर धरला तेव्हा कडेला चक्क ओरखडा दिसला. हे काम केलेलं दुकान आमच्याच गल्लीत आहे, म्हणून नाव घेत नाही. आता मी जेट रात्रभर पेट्रोलमध्ये बुडवतो आणि सकाळी पंक्चरवाल्याकडे हवा मारून घेतो. तरी नाहीच सुटलं तर टूथब्रशचा एक केस. आणि पेचकस खाचेत पूर्ण रुंदीने बसणारा हवा. बारका घातला की पितळ सोलून निघतं आणि मग जेट काढायलाही मिस्त्रीच लागतो.

४. नंबर म्हणजे व्यास. पेट्रोल मात्र क्षेत्रफळातून जातं.

या कार्बोरेटरवर ९८ म्हणजे ०.९८ मिलिमीटर. ९८ आणि १०२ यांत फरक चाराचाच वाटतो, पण दोघांचे वर्ग काढा: ९६०४ आणि १०४०४. भोक आठ टक्क्यांहून जास्त मोठं झालं. म्हणून एका वेळी दोनच नंबर चढायचे, आणि एका वेळी एकच जेट बदलायचा. सगळ्याच कंपन्या नंबर व्यासावर देत नाहीत, काही प्रवाहावर देतात. दुसऱ्या जातीच्या कार्बोरेटरचा ९८ आपला ९८ असेलच असं नाही.

५. जेटचा नंबर खरोखर बदलावा लागला तो एकदाच.

गेल्या वर्षी प्लग पांढुरका पडायला लागला. रेस सोडली की सायलेन्सरमधून फटाके. कचरा नव्हता, गास्केट नवं होतं, जेटही नवा कोरा ९८. बदललं होतं ते पेट्रोल. २०२३मध्ये २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल विकायला सुरुवात झाली आणि २०२५पर्यंत पंपापंपावर तेच आलं. इथेनॉल स्वतःबरोबर ऑक्सिजन घेऊन येतं. नुसत्या पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. २० टक्के मिसळलं की हिशेब साडेतेराच्या आसपास उतरतो. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर हे ओळखून पेट्रोल वाढवतो. चेतकला काय कळणार? जुन्या भोकातून जुन्याच मापाने दिलं, म्हणजे नुसत्या पेट्रोलच्या मानाने मिश्रण सुमारे आठ टक्के पातळ. वरचा ९८-१०२चा हिशेब आठवा. मी आधी १०० घातला, मग १०२. हावरटपणा करून १०४ही घालून पाहिला, तर गाडी एक ठोका सोडून एक खायला लागली आणि प्लगवर काजळ धरलं. परत १०२.

६. पातळ मिश्रणाची गंमत करू नका.

या टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलातूनच पोटात जातं. मी लिटरला २० मिलिलिटर टू-टी घालतो. पेट्रोल कमी गेलं की वंगणही कमी जातं, वर इंजिन तापतं. उत्तनच्या रस्त्यावर मोर्वा ओलांडून डोंगरीकडे जाताना ९५ घातलेल्या गाडीचं इंजिन जाम होऊन मागचं चाक एकदा अचानक धरलं. मायलेज वाढवायला घातला होता. डावा हात क्लचवर होता म्हणून हे लिहितोय.

त्याच रस्त्यावर आता सकाळी सहाला, ट्रॅफिक नसताना, जेट तपासतो. पूर्ण रेसवर अर्धा किलोमीटर, मग एकदम क्लच दाबून चावी बंद, कडेला घेऊन प्लग खोलायचा. चिनी मातीचा रंग भाजलेल्या खोबऱ्यासारखा हवा. मासळीच्या टोपल्या घेऊन चाललेल्या एका मावशी दोनदा थांबून विचारून गेल्या, "बंद पडली का रे बाबा?"

७. मिठागरं लक्षात ठेवा.

मिठागरांच्या खाऱ्या हवेत कार्बोरेटरवर पांढरी भुकटी धरते आणि पितळेला कळंक चढतो. त्यात इथेनॉल पाणी शोषतं. पावसाळ्यात गाडी दोन आठवडे उभी राहणार असेल तर कॉक बंद करून वाटीतलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवायचं. एवढंच.

८. महाबळेश्वरला जाताना जेट बदलू नका.

तिथली हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे साडेबारा टक्के विरळ, गाडी जरा गुदमरते. दोन दिवस गुदमरू द्या.

९. तोंड झाका.

फिल्टर काढला की कार्बोरेटरचा घसा उघडा असतो, खाली थेट इंजिन. त्यात फडकं कोंबायचं, मगच पेचकस हातात घ्यायचा. १०२ घालायच्या दिवशी फडकं कोंबलं होतं, तरी जेट निसटलाच. फडक्यावर टप्पा खाऊन पार्किंगमध्ये गेला. तांदळापेक्षा जरासा मोठा पितळी तुकडा आणि चाळीस गाड्या. वॉचमनकाका मोबाइलचा टॉर्च घेऊन आले, खेळणारी पोरं गुडघ्यांवर रांगायला लागली, तिसऱ्या मजल्यावरच्या काकू कानातलं हरवलं समजून खाली उतरल्या. पाऊण तासाने दुसरीतल्या एका मुलीने तो शेजाऱ्यांच्या ॲक्टिव्हाच्या टायरच्या खाचेतून नखाने उपसून काढला. उजेडाकडे धरून, एक डोळा मिटून तिने त्यातून बघितलं आणि म्हणाली, "काका, याला तर भोक पडलंय."